अकरा बुधवार

फिजिओ म्हणाल्या, "मागच्या तीन महिन्यांत या हाताचं काय काय केलंत, ते आठवड्यावार लिहून आणा. लपवू नका. त्यावरून मला पुढचं ठरवायचंय."

मी लिहून दिलं. अर्ध्या पानात मावलं. त्यांना तेवढं पुरलं.

हे उरलेलं.

*

आधी सरळ सांगून टाकते, म्हणजे मागाहून शब्दांच्या आड लपायला जागा राहणार नाही.

माझे वडील शिंपी. कोट शिवायचे. बहात्तराव्या वर्षी त्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय महिन्याभरात परत आला, जीभ जराशी जड राहिली, हात मात्र आला नाही. दवाखान्यातून सोडताना सांगितलं, दर बुधवारी सकाळी दहाला हाताच्या व्यायामाला केंद्रात आणा, तिथे जे शिकवतील ते आठवडाभर घरी करून घ्या. बाबा दादाकडे राहतात. दादा पाणीपुरवठ्यात, त्याच्या पाळ्या. वहिनी शाळेत शिकवते. मी कापडाच्या छापखान्यात पडद्यांची आणि चादरींची नक्षी काढते. मला बुधवारी अर्धी रजा मिळण्यासारखी होती. म्हणून बुधवार माझ्याकडे आला.

दोन बुधवार मी त्यांना नेलं. पुढचे अकरा नाही.

त्या अकरा बुधवारी आम्ही जुन्या वीटभट्टीच्या खड्ड्यांपाशी जात होतो. माती काढून काढून झालेले ते खड्डे, पाणी साचून त्यांची तळी झालीत. तिथे बाबा घडीच्या खुर्चीवर बसायचे आणि मी चित्रं काढायचे.

घरी सांगायचे, व्यायाम झाला.

*

चित्रांची वही समोर आहे. पानं उलटेन तसं लिहिते.

पहिलं पान

हे वहीचं पानच नव्हे. केंद्रातल्या फॉर्मची मागची बाजू, नंतर चिकटवलेली. पेनानं काढलेली गवताची सात-आठ पाती, बस्स.

त्या दिवशी मी गाडी केंद्राच्या गल्लीत वळवली आणि बाबांनी डाव्या हातानं माझी बाही धरली.

"बबे, आज नको."

"बाबा, दहाची वेळ आहे."

"मणी वेचायला लावतात तिथे. शेजारी एक म्हातारी बसते, नव्वदीची. माझ्याआधी तिची वाटी भरते. वर मलाच म्हणते, होईल हो, लहान आहात अजून."

"मग खरंच आहे की. तिच्या मानानं लहानच."

"हसू नकोस. चाळीस वर्षं मी लोकांच्या खांद्यावर कोट बसवले. आता वाटीत मणी टाकतोय."

मी गाडी बाजूला घेतली. केंद्राचा दरवाजा समोर दिसत होता. आत जायला पन्नास पावलंही लागली नसती.

हे लिहिताना मला जरा बरं वाटतं, कारण यात नको ते म्हणाले, मी नाही. तेव्हा पुढचंही लिहायला हवं. मलाही जायचं नव्हतं. त्या महिन्यात माझ्या तीन नक्ष्या परत आल्या होत्या. मॅनेजर तिसरीवर बोट ठेवून म्हणाले होते, "बाई, हे फूल माझ्या ओळखीचं आहे. मागच्या वर्षी हे उशीवर होतं." खोटं नव्हतं ते. दहा वर्षांत मी खरं फूल समोर ठेवून काढलं नव्हतं. जुन्या पुस्तकातलं फूल, त्यावरून माझं फूल, माझ्या फुलावरून पुन्हा माझंच फूल. चहाच्या त्याच चोथ्यावर पुन्हा पुन्हा पाणी ओतावं, तसं. आणि केंद्रात बसलं की मला तासभर भिंतीवरचं हाडांचं चित्र बघावं लागे.

"अर्धा तास फिरवून आणते," मी म्हणाले. "मग जाऊ."

मग जाऊ, असं मी खरंच म्हणाले होते. बाबांना आठवत नाही.

दुसरं आणि तिसरं पान

पाणकणसं. नुसती पाणकणसं.

खड्ड्याच्या कडेला ती डोक्याएवढी उंच उभी होती, वर तपकिरी कणसं, एखाददुसरं फुटून कापूस सुटलेलं. मी आधी सगळी एकसारखी काढली. मग नीट बघितलं. एक पात टोकाशी वळली होती, एक मधेच मोडून स्वतःच्याच अंगावर पडली होती, एकीला किड्यानं कडेकडेनं करवतलं होतं. पाण्यातून बगळ्यानं पाय उचलला आणि ठेवायचा विसरल्यासारखा तो तसाच उभा राहिला. मी काढत राहिले. हात दुखेपर्यंत. हात दुखेपर्यंत चित्र काढणं मी शाळा सुटल्यापासून विसरले होते.

मागून बाबा म्हणाले, "पाणी कुठे संपतंय, सांग बघू."

"कडेला."

"कड दाखव."

मला दाखवता येईना. पाण्यात गवत होतं, गवतात पाणी होतं, मग चिखल, मग ओलं गवत, मग कोरडं.

"शिवण सापडत नाही बघ," बाबा म्हणाले. "असला जोड मला आयुष्यात एकदाच जमला. डगल्याला. गिऱ्हाइकाला कळलंसुद्धा नाही."

आमच्या धंद्यात नक्षीचा एक चौकोन काढतात. कापडावर तोच चौकोन शेजारी शेजारी छापत जातो. चौकोनाची उजवी कड डाव्या कडेला अशी भिडली पाहिजे की जोड कुठे आहे ते कुणाच्या डोळ्याला सापडू नये. सतरा वर्षं मी जोड लपवायला पानं काढायचे. जोड आला की एक पान टाक, झाकून टाक. बाबांनी बसल्या जागी मला दाखवलं की झाकायचं नसतं. एकातून दुसरं उगवू द्यायचं असतं.

म्हणजे कल्पनाही त्यांचीच. हे मी छापखान्यात कुणाला सांगितलं नाही.

साडेअकरा वाजून गेले होते. केंद्राची वेळ टळली होती. परत येताना बाबांनी खिडकीची काच खाली घेऊन शीळ घातली. झटक्यानंतर पहिल्यांदा. अर्धी शीळच आली, उरलेली नुसती हवा. तरी ती शीळ मी पुरावा म्हणून मनात ठेवून घेतली. बघा, त्यांनाही किती बरं वाटलं. कुणी विचारलं तर दाखवायला.

कार्ड

हे वहीत नाही. हे दादाच्या फ्रीजवर चुंबकानं लावलेलं असायचं.

केंद्राचं कार्ड. तारीख, वेळ, फिजिओची सही. पहिल्या दोन ओळींत त्यांच्या सह्या होत्या. तिसरी ओळ कोरी ठेवून घरी जाता येणार नव्हतं. मी गाडीतच कार्ड मांडीवर घेतलं आणि सही काढली. केली नाही, काढली. सुरुवातीचा गोल, मग तीन उड्या, मग खाली सरकणारी शेपटी. अगदी झकास आली. त्यानंतर दर बुधवारी तशीच काढली.

चौथ्या आठवड्यात केंद्रातून फोन आला. फॉर्मवर नंबर माझाच होता.

"ते मोठ्या मुलाकडे गेलेत," मी म्हणाले. "परगावी. तिथेच चालू आहे व्यायाम."

"बरं झालं," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "खंड पडू देऊ नका हं. हेच महिने महत्त्वाचे असतात."

"हो हो," मी म्हणाले.

दोनदा म्हणाले. एकदा म्हणाले असते तरी चाललं असतं.

चौथं पान

एक चतुर, पंख पसरलेला. तो पाणकणसावर बसे, उडे, पुन्हा त्याच कणसावर येई. पंख तीन वेळा खोडून चौथ्यांदा जमले.

कोपऱ्यात बाबांचा उजवा हात. मांडीवर ठेवलेला. मीच उचलून ठेवला होता, पिशवी ठेवावी तसा. बोटं सैल, तळहात दिसतोय.

पाचवं पान

हे पान नाही. फाडून मॅनेजरांना दाखवायला नेलं, ते तिकडेच राहिलं.

सहावं पान

दोन पाणकोंबड्या. त्यांची भांडणं. एक वाक्य पेन्सिलीत लिहिलंय: 'बाबा म्हणतात, डावीकडची तुझी आत्या.'

त्या दिवसाबद्दल एवढंच लिहून पुढे जावं असं वाटतंय. पाणकोंबड्या मजेशीर होत्या. बाबा इतके हसले की खुर्चीची घडी मिटायला आली.

पण त्याच दिवशी संध्याकाळी वहिनी दारातच म्हणाली, "काय हो बाई, तुमची फिजिओ महिनाभर त्याच त्या बोटं पसरण्यावर अडकलीय. नवीन काही देत नाही का? मी रोज रात्री जेवणं झाली की बसते बाबांना घेऊन. त्यांनाही कंटाळा, मलाही कंटाळा."

वहिनी दिवसभर पन्नास पोरं सांभाळून येते. तिनं एकही रात्र चुकवली नव्हती.

मला म्हणता आलं असतं. तिथे, त्या दारात, चपला काढायच्या आधी, एका वाक्यात.

"दिलाय की," मी म्हणाले. "आजपासून चेंडू दाबायचा."

सकाळी शेवाळात एक रबरी चेंडू अडकलेला बघितला होता, लाल, अर्धा बुडालेला. तोच तोंडात आला.

"किती वेळा?"

"शंभर."

वहिनीनं दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना चेंडू आणला. मऊ हवा का कडक, म्हणून मला दुकानातून फोन केला. मी म्हणाले, मध्यम.

सातवं, आठवं पान

पाण्यावरचं ऊन. ते मला जमलं नाही. दोन्ही पानं काळी करून ठेवलीत.

कोपऱ्यात हात. अंगठा आत वळलेला.

नववं पान

हे वहीतलं सगळ्यात चांगलं पान. आजही.

वाऱ्यानं वाकलेली पाती. वळण कुठे सुरू होतं ते कळू नये, इतकं हळू वळलेली, आणि टोकाशी एकदम आत घेतलेली. त्यांच्या खाली हात. बाबांची चार बोटं तळव्याकडे वळलेली, करंगळी सगळ्यात जास्त.

मी आधी हात काढला, मग पाती. हे लिहायलाच हवं. गवताचं वळण मला जमत नव्हतं, म्हणून सहज शेजारी बघितलं आणि बोटांचं वळण दिसलं. इतकं सुंदर वळण मी कधी काढलं नव्हतं. मी बाबांना म्हणाले, "हलू नका हं."

"हलायला काय, तो हात ऐकतोय होय माझं?" बाबा म्हणाले.

आम्ही दोघं हसलो.

चौथं पान आणि नववं पान शेजारी शेजारी धरलं तर कुणालाही दिसेल. पाच आठवड्यांत हात मिटत चालला होता. मी दर बुधवारी तो बघत होते. बघत होते म्हणजे नुसती नजर टाकत नव्हते, पेन्सिल हातात घेऊन, एक डोळा बारीक करून, बोटाबोटातलं अंतर मोजत होते. जगात माझ्याइतकं नीट त्या हाताकडे त्या दिवसांत कुणी बघितलं नसेल. आणि मला दिसलं ते वळण.

छापखाना

नक्षी पास झाली. मॅनेजरांनी कटिंगच्या लोकांना बोलावून दाखवली. कापड टेबलावर पसरलं, त्यावरून हात फिरवत ते म्हणाले, "जोड शोधा रे. सापडला तर चहा माझ्याकडून."

कुणाला सापडला नाही.

"आणि हे पातं, बाई. हे वळण कुठून आणलंत?"

"बाहेर जाऊन बसते हल्ली," मी म्हणाले. "गवत बघते."

"बघा! मी म्हणत नव्हतो? चार भिंतींत बसून काही होत नाही. तुम्ही जात जा. हवा तर अख्खा बुधवार घ्या."

मी अख्खा बुधवार घेतला.

दहावं पान

कोरं. त्या दिवशी खूप वारा होता आणि बाबांना थंडी वाजत होती. त्यांना कोट घालायला गेले तर उजवा हात बाहीतून जाईना. मूठ बाहीत अडकली. ते म्हणाले, "आधी मनगट घाल, मग कोपर. शिकवलं नाही का मी तुला?" मी मनगट घातलं, मग कोपर. तरी अडकली. शेवटी कोट नुसता खांद्यावर टाकला.

बाबांनी डाव्या हातानं कोटाची कड छातीवर ओढून घेतली. मग म्हणाले, "बबे, बुधवारी आपण खरं म्हणजे तिकडे जायचं असतं ना?"

"पुढच्या बुधवारी जाऊ."

"हं," ते म्हणाले.

पुढच्या बुधवारीही आम्ही खड्ड्यांपाशीच गेलो. तेव्हा त्यांनी नको म्हटलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. इथून पुढे त्यांचं नाव पुढे करायला मला जागा नाही.

अकरावं पान

काढलंय. सांगण्यासारखं त्यात काही नाही.

*

रविवारी दादाकडे गेले तेव्हा वहिनी जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत होती. बाबा शेजारी बसून चेंडू दाबत होते. दादा पाळीवरून येऊन आडवा झाला होता.

"बस," वहिनी म्हणाली. लाल पेन खाली ठेवलं नाही. वह्यांच्या ढिगाखालून तिनं कार्ड काढून माझ्यापुढे सरकवलं. "हे काय आहे?"

"कार्ड."

"ते मलाही दिसतंय. सह्या बघ."

मी बघितल्या. सुंदर होत्या.

"बावीस वर्षं मी पालकांच्या खोट्या सह्या पकडतेय," वहिनी म्हणाली. "पोरं काय करतात माहितीय? दर वेळी वेगळीच सही करतात, म्हणून सापडतात. तुझं उलटं झालं. या पहिल्या दोन बघ, एकीची शेपटी लांब, एकीची तुटकी. आणि या खालच्या अकरा. मी पट्टी लावून बघितली. मिलिमीटरचा फरक नाही. माणूस अकरा वेळा अशी सही करतं होय? ही सही नाही, ही तुझी चादर झाली."

दादा उठून दारात येऊन उभा राहिला होता.

"मी केंद्रात फोन केला," वहिनी म्हणाली. "ते म्हणाले, आजोबा मोठ्या मुलाकडे परगावी असतात. मी म्हटलं, मोठा मुलगा आतल्या खोलीत घोरतोय."

मी सांगितलं. फार वेळ लागला नाही. खड्डे, पाणकणसं, नक्षी. बोलताना मला ते सगळं अगदी छोटं वाटायला लागलं, मुलांच्या खेळासारखं. चेंडूचा नुसता फुसफुस आवाज येत होता.

मग दादा म्हणाला, "तुला वेळ नाही म्हणाली असतीस, तर मी पाळी बदलून घेतली असती. एक शब्द टाकायचास."

त्यानं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्याला भांडता येत नाही. तो नुसता खांदे पाडून उभा राहतो, त्याच्या खात्यातला पाइप फुटल्यासारखा.

तेव्हा मी ते वाक्य बोलले. खोडून टाकावं असं वाटतंय, पण ठेवते.

"बाबाच नको म्हणाले होते. मी काय त्यांना उचलून नेणार होते?"

फुसफुस थांबली.

"म्हणालो होतो," बाबा म्हणाले. "नको म्हणालो." शब्द जड होते, पण सरळ येत होते. "तू शाळेला नको म्हणायचीस. रोज. दाराची चौकट धरून ठेवायचीस. मी ऐकलं का?"

"बाबा, तुम्हाला तिथे बरं वाटत होतं. तुम्ही हसत होता."

"होतो की. शाळा बुडवून नदीवर गेलीस तेव्हा तू रडत होतीस काय?"

वहिनीनं तोंडावर हात ठेवला. हसू होतं की काय होतं, कुणास ठाऊक.

"मी तुझा बाप, म्हणून ऐकलं नाही," बाबा म्हणाले. "तू का ऐकलंस?"

याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. कारण ऐकणं माझ्या सोयीचं होतं. मी ते बोलले नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. डाव्या हातानं त्यांनी उजव्या मुठीतून चेंडू काढायला घेतला. तो लवकर निघेना. दादा पुढे झाला आणि एकेक बोट उघडून त्यानं चेंडू सोडवला.

*

फिजिओला जे लिहून दिलं, ते असं:

'आठवडा १ व २: केंद्रात हजर. आठवडा ३ ते १३: केंद्रात आणलं नाही. घरी दुसऱ्या आठवड्यातला बोटं पसरण्याचा व्यायाम, रोज, पण दहाव्या दिवसानंतर कंटाळून कमी वेळा. आठवडा ८ पासून त्याऐवजी चेंडू दाबणे, रोज शंभर वेळा, एकही दिवस खाडा नाही. हा व्यायाम कुणी सांगितलेला नव्हता. तो मी बनवला.'

त्यांनी वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग बाबांची बोटं एकेक करून उघडली, सोडली. ती हळूहळू पुन्हा मिटली. समोर आम्ही तिघं उभे होतो, दादा, वहिनी आणि मी.

"चेंडू," त्या म्हणाल्या. "या हाताला मिटायला शिकवायची गरज नव्हती. तो आपण होऊनच मिटत होता. उघडायला शिकवायचं होतं."

वहिनी खुर्चीवर बसली. "मी करून घेत होते," ती म्हणाली. "रोज. ते कंटाळले तरी मी म्हणायचे, बाबा, ऐंशी झाले, आता वीसच राहिले."

मी तिला हात लावायला गेले. तिनं हात काढून घेतला, रागानं नाही, एखाद्या गरम भांड्यावरून काढावा तसा.

"वेळेवर आणलं असतं तर किती सुधारला असता?" दादानं विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. कदाचित बराच. कदाचित फारसा नाही."

मला आकडा हवा होता. निम्मा, पाव, रुपयात बारा आणे, काहीतरी. तेवढी चूक माझी, बाकीची झटक्याची, अशी वाटणी करता आली असती. तशी वाटणी आता कधीच होणार नाही. इथे जोड कुठे आहे ते मलाही सापडणार नाही.

"कात्री धरता येईल का?" बाबांनी विचारलं.

"कोट कापायची?" फिजिओ म्हणाल्या. "ती नाही, आजोबा. बटण लावता येईल, असं बघू या."

"बटण," बाबा म्हणाले. "बटणं माझ्याकडे कामाला येणारी पोरं लावायची."

*

मॅनेजरांकडे जाऊन मी म्हणाले, ती नक्षी थांबवता येईल का. त्यांना वाटलं, मी पगारवाढ मागतेय. म्हणाले, आठ हजार मीटर निघालंय, बाई, आता काय थांबवता, उलट याच पाण्याचं हिवाळ्यातलं काढा. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते. ती नक्षी मला आवडते. परवा एका दुकानाच्या काचेत टांगलेली दिसली. खालच्या बाजूला पाती आत वळत होती, एकामागून एक, सगळी त्या एका करंगळीची. मी तिथे पाच मिनिटं उभी राहिले आणि ती पाच मिनिटं मला अभिमान वाटला. तो आत आला, बसला, आणि मी त्याला हाकलून दिलं नाही. त्या अकरा बुधवारांइतकी मी गेल्या दहा वर्षांत सुखात नव्हते. मला त्या खड्ड्यांपाशी पुन्हा जायचंय. हे दादाला सांगायची हिंमत नाही.

*

दादानं बुधवारची पाळी बदलून घेतली. पहिल्या दिवशी मी नुसती मागच्या सीटवर बसून गेले. मला कुणी ये म्हणालं नव्हतं, नको येऊस असंही म्हणालं नव्हतं.

केंद्रात फिजिओ म्हणाल्या, हात ताणायचा व्यायाम घरच्या एका माणसानं नीट शिकून घ्यावा, रोज दोनदा करावा लागेल. दोघातिघांचे हात लागले तर दाब कमीजास्त होतो. एकच माणूस हवा.

दादा पुढे झाला.

"तिला शिकवा," बाबा म्हणाले.

दादानं माझ्याकडे बघितलं. ही शिक्षा आहे की दुसरं काही, मला कळेना. बाबांच्या तोंडावरून तर मुळीच कळेना. ते त्या नव्वदीच्या आजींकडे बघत होते, त्यांची वाटी भरत आली होती.

"रोज सकाळ-संध्याकाळ दादाकडे यावं लागेल तुला," दादा हळूच म्हणाला.

"येईन."

फिजिओंनी मला बाबांसमोर बसवलं. त्यांचा अंगठा कसा धरायचा, तळहाताखाली माझा हात कसा सरकवायचा, बोटं एकदम न उघडता कशी उघडत न्यायची, ते दाखवलं. "आता तीस मोजायचे. दुखेल. बोटं पांढरी पडली तर सोडा. नुसतं तोंडानं बास म्हणाले, तर सोडू नका."

मी बोटं उघडली. ती उघडत नव्हती, माझ्या तळव्यावर ढकलत परत येत होती. मी धरून ठेवली.

"एक," मी म्हणाले.

दहापर्यंत बाबा भिंतीकडे बघत राहिले. बाराला त्यांचा जबडा घट्ट झाला.

"बबे, बास."

मी बोटांकडे बघितलं. पांढरी पडली नव्हती.

"तेरा."

"बास म्हणतोय ना मी. कळत नाही का?"

"चौदा."

"आईच्या वळणावर गेलीयस अगदी. दगड!"

"पंधरा," मी म्हणाले. माझा आवाज फाटला. फिजिओ म्हणाल्या, ऐकू येऊ दे त्यांना, मोठ्यानं मोजा. मी मोठ्यानं मोजलं.

"सोळा."